डॉक्टरसाहेब साइड देतात

मिस्त्री गाडी बघण्याआधी गाडी चालवणाऱ्याच्या चपला बघायचे. सौंसरच्या त्यांच्या दुकानात आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा आबांनी बॉनेट उघडायला हात घातला तर मिस्त्री म्हणाले, "ते राहू द्या जी. पहिले चप्पल काढा."

आबांना वाटलं, दुकानात देव असेल. त्यांनी चपला काढून नीट बाजूला ठेवल्या. मिस्त्रींनी उजवी उचलली, उलटी केली, टाचेवरून अंगठा फिरवला, मग डावी तशीच पाहिली आणि दोन्ही परत आबांच्या पायाशी सरळ लावून ठेवल्या. "हं," एवढंच म्हणाले. मी बाजूला उभी होते. माझ्या चपला त्यांनी मागितल्या नाहीत. ब्रेकवर पाय कसा पडतो ते टाचेच्या झिजेवरून कळतं, असं ते मानायचे; मी गाडी चालवत नव्हते, म्हणून माझ्या टाचा त्यांच्या कामाच्या नव्हत्या.

तुम्ही दोघा नातवंडांनी मिस्त्रींना कधी पाहिलं नाही. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्याविषयी लिहायचं कारण शेवटी सांगते. माझी एक अट आहे. हे तुमच्या बाबांनी तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि मधलं काही गाळायचं नाही.

दुकान म्हणजे टिनाचं एक छप्पर, समोर तेलाने काळं झालेलं अंगण आणि मागे विटांची लांब भिंत. अंगण सपाट होतं, तरी उभ्या केलेल्या प्रत्येक गाडीच्या चाकाखाली ते दगड लावायचे. दगडही ठरलेला, त्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. मी एकदा म्हटलं, "इथे उतार कुठे आहे?" ते म्हणाले, "मॅडम, उतार गाडीले विचारून येत नाही."

ते फक्त ब्रेकचंच काम करायचे. इंजिनाचं काही निघालं की दुसरीकडे पाठवून द्यायचे. "गाडी चालू करून देणारे सौंसरात पंधरा हायेत," म्हणायचे. "थांबवणारा मी एकटाच."

पण त्यांची खरी ओळख ती मागची भिंत. काढलेले जुने ब्रेक पॅड ते कधी भंगारात देत नसत. एका चाकाचे दोन पॅड तारेने बांधायचे, अगरबत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर बॉलपेनने काहीतरी लिहायचे आणि भिंतीवर खिळा ठोकून लटकवायचे. नाव लिहीत नसत. लिहायचे ते असं: "ठेकेदार. कोणाले साइड देत नाही." "हेडमास्तर. उतार दिसला की भितात." "मोसंबीवाले. बायको बाजूले असली तं हळू." गाव लहान. कोण ठेकेदार आणि कोण मोसंबीवाले ते सगळ्यांना कळायचं. काही लोक चिडायचे. बरेचसे आपला पुठ्ठा कुठे आहे ते हळूच शोधायचे.

एकदा एका मुलीचे वडील थेट भिंत बघायलाच आले. मुलगा बागायतदाराचा, दारात नवी फोर बाय फोर, सोयरीक जवळजवळ ठरलेली. मिस्त्री म्हणाले, "हे काही लग्न जमवायचं दुकान नाही जी." पाहुणे हलेनात. तेव्हा मिस्त्रींनी त्या गाडीचे पॅड भिंतीवरून काढून दाखवले. "हे पाहा. चारही चाकांचे सारखे झिजले. इतका सारखा माणूस मी जिंदगीत पाह्यला नाही. गाडी कोण चालवते, तेवढं विचारून घ्या." विचारल्यावर निघालं की गाडी पगारी ड्रायव्हर चालवतो आणि ती नागपूरच्या मोठ्या रस्त्याशिवाय कुठे जात नाही. मुलाला अजून गिअर जमत नव्हता. लग्न झालं. मुलीने त्याला नंतर गाडी शिकवली असं ऐकलं.

आता तुम्हाला ब्रेकचं थोडं समजून घ्यावं लागेल. नाहीतर पुढचं कळणार नाही. मिस्त्रींनी मला समजावलं तसंच सांगते. प्रत्येक चाकामागे लोखंडाची एक तबकडी फिरत असते. तव्यावरची पोळी आपण चिमट्याने धरतो, तसा एक चिमटा त्या तबकडीला दोन्ही बाजूंनी धरतो. चिमट्याच्या दोन टोकांना दोन पॅड असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. ब्रेक दाबला की दोन्ही पॅड तबकडीवर घट्ट बसतात आणि चाक थांबतं. हा चिमटा दोन पिनांवर मागेपुढे सरकत असतो. एवढंच.

पॅड झिजतात, त्यात विशेष काही नाही. ते सारखे का झिजत नाहीत, याच्यामागे मिस्त्रींनी आयुष्य घालवलं. बागांमध्ये जायचं म्हणून आता इकडे सगळेच फोर बाय फोर घेतात. काळ्या मातीत पावसाळ्यात साधी गाडी रुततेच. नवीन पोरं ऐटीत यायची, तर मिस्त्री त्यांना म्हणायचे, "चारही चाकं ओढतात म्हणून लय खुश होऊन राहिले तुम्ही. गाडी चिखलातून काढाले चौघं मिळून हायेत. थांबाच्या वक्ती ज्याचं त्याले."

त्यांचा लाडका सिद्धान्त डाव्या बाजूचा. आमच्याकडचे आतले रस्ते एका गाडीपुरते. समोरून दुसरी आली की कोणीतरी डावी चाकं डांबरावरून खाली उतरवायची. याला इकडे साइड देणं म्हणतात. दोघंही उतरले तर प्रश्नच नाही, पण तसं कमी होतं. रोज एक माणूस उतरतो आणि एक माणूस उतरत नाही. उतरणाऱ्याच्या डाव्या चाकांत माती, चिखल, बारीक गोटे जातात आणि तिथले पॅड आधी संपतात. म्हणून मिस्त्री पॅड बघून सांगायचे की हा माणूस साइड देतो की घेतो. आणि रस्त्यावर जो साइड देतो तो घरातही देतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

तुमचे आबा गुरांचे डॉक्टर. चाळीस वर्षं सरकारी जीपने गावोगाव हिंडले. समोरून बैलगाडी दिसली तर ते फर्लांगभर आधीच खाली उतरून थांबायचे. बैलाला बिचकवायचं नाही, म्हणून. मग सवयच लागली. ट्रक असो, मोटरसायकल असो, आबा डाव्या मातीत. रिटायर झाल्यावर रामाकोन्याच्या बागेत जाता यावं म्हणून त्यांनी फोर बाय फोर घेतली आणि तीही मातीतूनच चालवली. मी शेजारी बसून म्हणायची, "अहो, कधीतरी समोरच्याला उतरू द्या." ते म्हणायचे, "त्याले घाई असंन."

मिस्त्रींचं आणि आबांचं जमलं याचं मला नवल वाटत नाही. दोघंही न बोलणाऱ्यांचे डॉक्टर. दुकानात तासन्‌तास बसून राहायचे. माझी मात्र मिस्त्री चेष्टा करायचे. मी गाडीची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली होती आणि सर्व्हिसिंगच्या कागदांची फाइल केली होती. मी दिसले की म्हणायचे, "या मॅडम. पोथीचा आज कोणता अध्याय?"

त्या वर्षी पावसाळ्याआधी आम्ही पुढचे पॅड बदलायला गेलो. आमचा पांढुर्णा वेगळा जिल्हा झाल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी सहज विचारलं, "मिस्त्री, चाक न उघडता सांगा बरं, आमचं काय निघेल?"

ते खुलले. स्टुलावर बसले, हात पुसले आणि म्हणाले, "डावं संपलं असंन. उजवं अजून साल दीड साल चालते. डॉक्टरसाहेब साइड देतात."

चाक उघडलं. डावं संपलेलं, उजवं चांगलं. मी टाळ्या वाजवल्या. आबा ओशाळून हसले. मिस्त्रींनी चहा मागवला आणि एका वनखात्याच्या साहेबाची गोष्ट सुरू केली. गोष्ट सांगता सांगता हात चालू होते. नवे पॅड बसले, जुने तारेने बांधले, पुठ्ठ्यावर लिहिलं: "डॉक्टरसाहेब. साइड देतात." मला त्या वाक्याचा अभिमान वाटला. घरी येताना मी आबांना ते दोनदा म्हणून दाखवलं.

दिवाळीनंतर, संत्री तोडायला आली तेव्हा, आम्ही दोघं बागेत जात होतो. रामाकोन्याच्या अलीकडे रस्ता नाल्यात उतरतो, खाली रपटा, म्हणजे बिनकठड्याचा ठेंगणा पूल आहे. समोरून कापसाची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर येत होता. आबांनी नेहमीसारखं डावीकडे उतरायचं म्हणून ब्रेक दाबला, आणि गाडी उजवीकडे गेली. सरळ ट्रॅक्टरच्या अंगावर. ट्रॅक्टरवाला हुशार, त्याने जागच्या जागी थांबवलं. आमची गाडी रपट्याच्या दगडाला धडकली. मला काही झालं नाही. आबांचं मनगट मोडलं.

ट्रॅक्टरवाला खाली उतरला. आबांनी कधीकाळी त्याची म्हैस वाचवली होती. तो रागावला नाही, पण त्याने जे म्हटलं ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. "डॉक्टरसाहेब, तुम्ही तं आमच्याच अंगावर आले."

आबा मोडलेलं मनगट धरून रस्त्याकडे पाहत राहिले.

संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. काय झालं, कसं झालं. मी सांगितलं, "पाय ब्रेकवरून घसरला असावा. गोंधळले. वयच आहे आता." मी शेजारी बसले होते, म्हणजे मला माहीत असणार, असं बाबांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. खरं म्हणजे मी त्या वेळी समोरच्या ट्रॅक्टरकडे पाहत होते. आबांच्या पायाकडे मी पाहिलंच नव्हतं.

बाबांनी ठरवलं की आबांनी आता गाडी चालवायची नाही. गाडी नागपूरला दुरुस्त होऊन आली. पुढचा सगळा भाग त्यांनी नवाच बसवला, त्यामुळे आधी काय बिघडलं होतं हा प्रश्न कोणी विचारला नाही. किल्ली मी माझ्या कपाटात ठेवली. आबांनी मागितली नाही. बागेत ते बसने जायला लागले, मग तेही कमी झालं. एके दुपारी ते व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले दिसले, प्लास्टरचा हात मांडीवर. उजवा पाय फरशीवर एका जागी दाबत होते. मग उचलून दुसऱ्या जागी. परत पहिल्या जागी. स्वतःचा पाय तपासत होते. मी दारातून मागे फिरले.

संक्रांत होऊन गेल्यावर एका सकाळी मिस्त्री आमच्या दारात उभे होते. सौंसरहून बसने आले होते, खांद्याला कापडी पिशवी. ते दुकान सोडून कुठे जात नसत, त्यामुळे मी क्षणभर ओळखलंच नाही.

"पाणी देते, बसा."

"पाणी मागून, मॅडम. पहिले पेपर द्या एखांदा जुना."

मी वर्तमानपत्र दिलं. त्यांनी ते टेबलावर पसरलं, पिशवीतून तारेने बांधलेले दोन पॅड काढले आणि तार सोडली. आबा खुर्ची ओढून जवळ आले.

"तो ट्रॅक्टरवाला काल दुकानात आला होता," मिस्त्री म्हणाले. "त्यानं सांगतलं तवा मले समजलं. मी त्याले एकच विचारलं, गाडी कोणीकडे गेली? तो म्हणे उजवीकडे. मी उठलो अन्‌ भिंतीवरून हे काढलं." त्यांनी दोन्ही पॅड शेजारी शेजारी ठेवले. "दोन्ही तुमच्या डाव्या चाकाचे. हे बाहेरचं. हे आतलं. हात लावून पाहा, मॅडम."

मी हात लावला. बाहेरचा पॅड माझ्या करंगळीएवढा जाड. आतला नखाएवढा.

"साइड देल्यानं झिजले असते, तं दोन्ही झिजले असते," मिस्त्री म्हणाले. "माती काय आतल्याचीच दुश्मन हाय? एकच संपलं म्हणजे चिमटा सरकून नोहता राहिला. पिन जाम. अर्धाच ब्रेक लागे. ते पिन बाहेर काढा लागत होती, पुसा लागत होती, ग्रीस लावा लागत होती. नवीन पॅड टाकले अन्‌ पिन तशीच ठेवली मी. कारण का, तर मले पहिलेच माहीत होतं न. डॉक्टरसाहेब साइड देतात."

 मग आबांनी विचारलं, "मंग माहा पाय?"

"पाय बरोबर पडला जी. जोरात पडला. उजव्या चाकानं धरलं, डाव्यानं धरलं नाही, म्हणून गाडी उजवीकडे ओढली. कच्चा पाय पडला असता, तं इतकी ओढलीच नसती. पाय तुमचा नाही चुकला, डॉक्टरसाहेब. हात माहा चुकला."

आबा आपल्या पायाकडे पाहत होते. मग म्हणाले, "हे तुम्ही भंगारात टाकून देऊ शकत होते. कोणाले कळणार होतं?"

"लेबल माह्याच अक्षरात हाय न."

त्यांनी माझ्याकडे पेन मागितला. शाळेतली नोकरी संपली तरी माझ्याकडे तेव्हाही लाल पेनच असायचा. त्यांनी पुठ्ठ्यावरच्या ओळीवर रेघ मारली आणि खाली लिहिलं: "पिन पाह्यली नाही." पॅड पुन्हा तारेने बांधले आणि आबांच्या हातात दिले. "हे आता माह्या भिंतीवर नको."

मग म्हणाले, "किल्ली आणा. गाडी पाहून घेतो."

आबा माझ्याकडे पाहायला लागले. मी उठून कपाटातून किल्ली आणली. ती कपाटात साड्यांच्या घडीखाली होती. मला ती काढायला उगाचच वेळ लागला.

मिस्त्रींनी अंगणात चारही चाकं उघडली, चारही चाकांच्या पिना बाहेर काढून पाहिल्या. तोंडातून शब्द नाही. मग आबांना गाडीत बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि दोघं स्टेशनपर्यंत जाऊन आले. परत आले तेव्हा आबा म्हणत होते, "चहा तं घेसान?" आणि मिस्त्री म्हणत होते, "आता पाणीही द्या अन्‌ चहाही द्या." जाताना त्यांनी आमच्या अंगणातला एक दगड शोधून मागच्या चाकाखाली लावला.

त्या दिवसानंतर मिस्त्रींनी एकही पुठ्ठा लिहिला नाही. भिंतीवरचे सगळे पुठ्ठे त्यांनी उलटे फिरवून ठेवले, लिहिलेली बाजू विटांकडे. चपला बघणं बंद झालं. चाक उघडायचे, पिना काढून फडक्यावर ओळीत मांडायचे, आणि सगळं तपासून होईपर्यंत कोणी काही विचारलं तर बोटाने थांबवायचे. लोकांना करमेना. "मिस्त्री, काहीतरी सांगा न," असं म्हणायचे. ते म्हणायचे, "गाडी थांबते. अजून काय पाह्यजे?" काम पूर्वीपेक्षा चोख झालं असेल. पण मला तो चपला उलट्या करून पाहणारा माणूस आठवतो आणि चाक न उघडता सांगा, असं मी गंमत म्हणून म्हटलं नसतं तर, असंही वाटतं.

तुमच्या बाबांना आम्ही यातलं काही सांगितलं नाही. आबांनीच नको म्हटलं. "पोरगा म्हणंन, असल्या मिस्त्रीकडे जाऊ नका. इतका मोठा माणूस दुसरा कोठी भेटते?" म्हणून आम्ही फक्त कळवलं की डोळे तपासले, मनगट बरं झालं, आबा परत चालवतात. माझ्या सोयीचंच होतं ते. मिस्त्रींचं नाव राखता राखता माझंही राहिलं. कारण पाय घसरला, हे मिस्त्रींनी सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं होतं. तो माणूस पॅड पिशवीत घालून बसने आला. मला एक फोन करायचा होता आणि तो मी आजपर्यंत केला नाही.

दर रविवारी तुम्ही आबांना विचारता, "आबा, ब्रेक कोणता ते आठवतं ना?" आणि हसता. तेही हसतात. मागच्या रविवारी हसून झाल्यावर फोन ठेवला आणि त्यांनी खुर्चीवर बसल्या बसल्या पुन्हा उजवा पाय फरशीवर दाबला. फक्त एकदा. ते मी पाहिलं. या वेळी मी पाहत होते.

आता मिस्त्री नाहीत. कोणाचं नाव राखायचं राहिलं नाही. म्हणून लिहिते की आबांचा पाय घसरला नव्हता. तो जिथे पडायचा तिथेच पडला होता.

आज सकाळी मी ते पॅड काढले आणि लाल पेनने पुठ्ठ्यावर मिस्त्रींच्या ओळीखाली माझी ओळ लिहिली: "शेजारी बसून मीही पाहिलं नाही." आबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पुठ्ठा उलटसुलट केला. दाराजवळ गाडीच्या किल्लीचा खिळा आहे. त्यावर त्यांनी पॅड अडकवले, त्यांच्यावर किल्ली अडकवली, मग पुन्हा किल्ली काढून घेतली आणि विचारलं, "बागेत येतेस?"

आम्ही जाऊन आलो. रपट्याच्या अलीकडे समोरून एक मोटरसायकल येत होती. आबा डावीकडे उतरले.